टाचांनी सांभाळलेले गवत

मित्रांनो, मी एक जुना खडखड्या आहे. माझे खरे नाव गवत कापायचे यंत्र, पण या मैदानावर मला त्या नावाने कुणी कधी हाक मारली नाही. मी चालू झालो की पार समोरच्या बेकरीच्या काचा थरथरतात, म्हणून खडखड्या. नावाचा मला राग नाही. जो काम करतो त्याचा आवाज होणारच, असे माझे मत आहे आणि ते मी कुणाच्या सांगण्यावरून बदलणार नाही.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मी फारच देखणा होतो. स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे, पण दुसरे कोण सांगणार? पोटात एका दांड्याभोवती वळसा घेतलेली सहा पाती, खाली एक सरळ पाते आणि मागे जड लोखंडी रूळ. अंगाला हिरवा रंग. बाहेर पाठवण्याआधी तिथला फिटर पात्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद धरून पाहायचा. कागद सरळ कापला गेला तर यंत्र पास, चुरगळला तर पाती पुन्हा धार लावायला. माझ्या वेळी कागद असा सर्रकन कापला गेला की फिटर खूश झाला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, नाव काढ!"

नाव काढायला मला या फुटबॉलच्या मैदानावर पाठवण्यात आले. मैदानाचा माळी अबोल माणूस होता. मला पाऊस लागू नये म्हणून त्याने एका गोलच्या मागे स्वतःच्या हातांनी दगडी शेड बांधली. दुसऱ्या गोलच्या मागे मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे ती बेकरी. शेडच्या अगदी शेजारी प्रेक्षकांची जुनी गॅलरी. त्यामुळे तिथल्या पहिल्या दोन रांगांत जे काही बोलले जाते ते मला ऐकू येते. ऐकू येते म्हणजे काय, मी कान देऊन ऐकतो!

सामन्याच्या दिवशी सकाळी माळीबाबा माझी दोरी ओढत आणि आम्ही निघत असू. जाताना एक पट्टा, येताना दुसरा. माझ्या रुळाखाली गवत एकदा इकडे झुके, एकदा तिकडे, आणि वरून पाहिले की फिक्या-गडद पट्ट्यांचे मैदान तयार. लोक येऊन बसले की आधी म्हणत, "वा! आज काय मैदान दिसतंय!" ते कौतुक माळीबाबा ऐकून न ऐकल्यासारखे करत. मी मात्र शेडमध्ये फुगून बसत असे.

आता आमच्या मैदानाची एक रीत सांगतो. जगात आणखी कुठे असेल तर मला माहीत नाही, मी कधी बाहेर पडलेलो नाही.

फुटबॉलच्या बुटांना खिळे असतात. नव्वद मिनिटांत त्या खिळ्यांनी गवताच्या शेकडो खपल्या निघतात. त्या वेळेवर जागच्या जागी बसवल्या नाहीत तर मुळे सुकतात आणि मैदानाला चाई पडते. एका रविवारी नेमकी माळीबाबांच्या कंबरेत उसण भरली. सामना संपला, मैदान नांगरल्यासारखे झालेले, आणि हे कडेला खांब धरून उभे. दुसऱ्या रांगेतली एक तरुण बाई खाली उतरली. म्हणाली, "बाबा, काय करायचं ते सांगा, मी करते."

"खपली सरळ करा, भोकात ठेवा आणि टाचेनं दाबा," माळीबाबा म्हणाले. "पण चपला काढून हं. चपलेला कळत नाही किती दाबायचं ते. टाचेला कळतं."

तिने चपला काढल्या. तिला पाहून तिच्या शेजारचे उतरले, मग पुढची रांग, मग मागची. अर्ध्या तासात मैदान पुन्हा सपाट झाले. जिंकलेले, हरलेले, सगळे एकाच गवतावर अनवाणी. त्या दिवसापासून 'टाच देणे' ही आमच्याकडची रीतच पडली. शेवटची पाच मिनिटे उरली की गॅलरीत बुटांच्या नाड्या सुटू लागतात, आणि पाहुण्या संघाचे प्रेक्षक नाकाला रुमाल लावतात. मोज्यांचा वास, दुसरे काय!

त्या तरुण बाईची पुढे सासूबाई झाली. म्हणजे साऱ्या स्टेडियमची सासूबाई. तिचा जावई दातांचा डॉक्टर. लेकीला फुटबॉल पाहून जांभया येतात, म्हणून गेली कित्येक वर्षे ही सासू-जावयाची जोडीच सामन्याला येते. दुसरी रांग, काठाच्या दोन खुर्च्या.

माळीबाबा गेले तेव्हा मी तीन दिवस चालू झालो नाही. लोक म्हणाले, पेट्रोलमध्ये कचरा असेल. असेलही. चौथ्या दिवशी त्यांची लेक शेडमध्ये आली. तिने माझी पाती तेलाने पुसली, चाकातले वाळके गवत काढले आणि म्हणाली, "चल रे, आता आपण दोघंच." मी पहिल्या ओढीला चालू झालो.

या लेकीला सगळे आत्या म्हणतात. खरी आत्या ती एकट्याचीच, आमच्या गोलकीपरची. पण सहा फुटांचा तो गडी सामना चालू असताना गोलमधून ओरडतो, "आत्या, इथं चिखल झालाय गं!" मग काय, खेळाडू, पंच, पाहुणे, सगळ्यांचीच ती आत्या झाली. चिखलाची त्याची तक्रार मात्र खरी होती. शेडच्या बाजूच्या गोलसमोर गवत कधी टिकलेच नाही. शेडला खेटून पाण्याची टाकी होती, ती झिरपायची. आत्याने बी पेरावे आणि भाच्याने त्यात उड्या मारून ते उखडावे, हा त्या दोघांचा वर्षानुवर्षांचा खेळ होता.

असे आमचे सुखाने चालले असताना एक भलतीच आनंदाची गोष्ट घडली. आमचा संघ वरच्या गटात गेला! त्या दिवशी आत्याने मला मिठी मारली आणि तिची चांगली साडी तेलाने काळी झाली. पण वरचा गट म्हणजे वरची गर्दी. गॅलरी पुरेना. लोक भिंतीवर बसू लागले, झाडावर चढू लागले. बेकरीच्या छपरावर इतके जण उभे राहायचे की बेकरीवाला खाली पावाच्या ट्रेवर ताडपत्री धरून बसायचा.

मग क्लबच्या सचिवांनी जाहीर केले की स्टेडियम वाढवायचे. बेकरीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उंच नवी गॅलरी बांधायची. पण ऊन येते ते नेमके त्याच बाजूने. तिथे उंच गॅलरी आली की तिची सावली निम्म्या मैदानावर पडणार, आणि सावलीत गवत जगत नाही. म्हणून गवत काढून सगळीकडे प्लॅस्टिकचे गवत घालायचे. अंतिम निर्णय सभासदांनी हात वर करून द्यायचा.

झाले! दुसऱ्या रांगेत सासू-जावयाची जुंपली.

"अहो आई, वर्षभर हिरवंगार राहील," डॉक्टर म्हणाले. "पाऊस पडला तरी सामना रद्द नाही. कापायला नको, पाणी नको."

"जावईबापू, दवाखान्यात तुम्ही खोटे दात बसवता ते ठीक आहे. आता जमिनीला पण कवळी बसवणार का?"

"खोटे दात किडत नाहीत, आई."

"किडत नाहीत, पण आंब्याच्या कोयीला दात लावायची सोय राहत नाही. मला विचारा. माझी कवळी तुम्हीच बसवलीत!"

आजूबाजूच्या तीन रांगा हसल्या. डॉक्टरही हसले, पण हटले नाहीत. "आणि जागेचं काय? भिंतीवरून परवा दोघं पडले. उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर? गॅलरी तर हवीच ना?"

यावर सासूबाईंनीही मान डोलावली. गॅलरी हवीच होती. ते मलाही पटत होते. भिंतीवरून पडलेल्या दोघांपैकी एकाला आत्याने शेडमध्येच आणून पाणी पाजले होते. गवत हवे तर जागा नाही आणि जागा हवी तर गवत नाही, अशी ती गाठ होती. ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय. मध्यंतरात चहा गार व्हायचा, पण वाद गार होत नव्हता.

मला वाईट वाटले ते गोलकीपरचे. एका सकाळी तो शेडच्या दारात उभा राहून चाचरत म्हणाला, "आत्या, रागावू नको. पण मी प्लॅस्टिकच्या बाजूनं आहे. माझ्या गोलसमोर तुझं गवत कधी उगवलंच नाही गं."

आत्या माझ्या साखळीला वंगण लावत होती. ती म्हणाली, "रागवायचं काय त्यात? तुझे गुडघे, तुझं मत." तो गेल्यावर तिने त्याच साखळीला पुन्हा वंगण लावले, मग पुन्हा एकदा. इतके वंगण मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते. मला समजले की तिला रडू येते आहे. गवत गेले तर तिचे काय उरणार होते? चाळीस वर्षे बापाने आणि वीस वर्षे तिने जे वाढवले ते गुंडाळून ट्रकमध्ये जाणार होते. आणि माझे तर सांगायलाच नको. प्लॅस्टिक कापायला खडखड्या कशाला लागतो?

मतदानाआधी सभासदांना नवे गवत दाखवायचे ठरले. शेजारच्या सरावाच्या मैदानावर ते अंथरले आणि एका रविवारी दुपारी त्यावर मैत्रीचा सामना ठेवला. सचिवांनी हौसेने प्रदर्शनही मांडले. एका टेबलावर प्लॅस्टिकच्या गवताचे नमुने, आणि टेबलाशेजारी मी. माझ्या गळ्यात पुठ्ठा अडकवला होता, 'जुनी पद्धत'. मित्रांनो, इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. पण त्या पुठ्ठ्यामुळेच पुढचा सगळा प्रकार मला पहिल्या रांगेतून पाहायला मिळाला, म्हणून सचिवांना मी माफ केले आहे.

खरे सांगायचे तर सामना झकास झाला. चेंडू सरळ पळत होता, कुणी घसरत नव्हते. डॉक्टर दर दोन मिनिटांनी सासूबाईंकडे पाहून भुवया उडवत होते. आठवडाभर आभाळ होते, पण त्या दिवशी ऊन कडकडीत पडले होते आणि हिरवे प्लॅस्टिक नुसते चकाकत होते. आत्या पाण्याचा पाइप हातात धरून कडेला उभी होती. पाणी घालायचे काही नव्हते, पण रिकाम्या हातांचे काय करावे हे तिला कळत नसावे.

शेवटची पाच मिनिटे उरली. नाड्या सुटू लागल्या. कुणी कुणाला सांगितले नाही, कुणी विचार केला नाही. इतक्या वर्षांची सवय! शिट्टी वाजली आणि दोनशे-तीनशे माणसे बूट हातात घेऊन, माना खाली घालून, खपल्या शोधत अनवाणी मैदानावर चालत गेली. सगळ्यांत पुढे डॉक्टर.

चार पावले सगळे ठीक होते. पाचव्या पावलाला डॉक्टर थांबले. मग त्यांनी एक पाय उचलला. मग तो ठेवून दुसरा उचलला. मग म्हणाले, "आई गं!"

"काय हो?" सासूबाईंनी मागून विचारले आणि पुढच्याच क्षणी त्याही उडाल्या.

उन्हाने ते प्लॅस्टिक तव्यासारखे तापले होते! बूट घालून खेळणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. पण आमची अनवाणी मंडळी! कुणी एका पायावर, कुणी दुसऱ्या, कुणी बुटावर उभे राहायला जातो तर तोल जाऊन शेजाऱ्याच्या गळ्यात. सचिवही सवयीने बूट काढून उतरले होते. ते हातातला ठरावाचा कागद अंथरून त्यावर उभे राहिले. इतक्या लोकांना एकदम नाचताना मी संघ वरच्या गटात गेला तेव्हाही पाहिले नव्हते.

"आत्या, पाणी!" गोलकीपर ओरडला.

आत्याने पाइप सोडला. आयुष्यात पहिल्यांदा तिने प्लॅस्टिकला पाणी घातले. वाफ उठली, लोक ओले झाले आणि हसू लागले. एकदा हसू लागले ते थांबेनातच. सासूबाईंची कवळी सुटायला आली, ती त्यांनी हाताने धरून ठेवली. डॉक्टर ओल्या पाटलोणीत मधोमध उभे राहून पायाखाली पाहत होते. मग त्यांनी हळू आवाजात विचारले, "आई, इथं दाबायला काहीच नाही हो. आता आपण काय करायचं?"

हसणे ओसरले. खरेच, काय करायचे? खाली एकही खपली नव्हती. सगळे तसेच उभे. तळवे भाजले ते सोसले असते, सवयही बदलली असती. पण सामना संपल्यावर आपली कुणाला गरजच नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले. लोकांचे चेहरे उतरले. मला ते चेहरे पाहवेनात.

तेवढ्यात सासूबाईंनी सचिवांना गाठले. "अहो सचिव, मला एक सांगा. ऊन बेकरीच्या बाजूनं येतं, मग गॅलरी तिथंच कशाला? समोर बांधा. शेडच्या बाजूला. सावली मागच्या रस्त्यावर पडेल."

सचिव कागदावरून उतरेनात. "तिथं शेड आहे."

"मग?"

"मग म्हणजे... ती आत्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलीय. पहिल्याच बैठकीत आम्ही ठरवलं, काही झालं तरी आत्यांच्या वडिलांच्या शेडला हात लावायचा नाही. त्यांना काय वाटेल!"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिले. तिच्या हातातल्या पाइपातून पाणी वाहतच होते.

"मला कुणी विचारलं होतं का?" ती म्हणाली. "अहो, शेडमध्ये फावडी आहेत, बादल्या आहेत, हा खडखड्या आहे. माझा बाप शेडमध्ये नाही. माझा बाप तिथं आहे." आणि तिने भिंतीपलीकडच्या मोठ्या मैदानाकडे बोट दाखवले. "माझा मान राखायला तुम्ही माझं गवतच उपटायला निघालात? पाडा की शेड! उद्या पाडा. टाकी पण हलवा, नाहीतरी झिरपतेच मेली."

"टाकी हलवली तर माझ्या गोलसमोर गवत येईल?" गोलकीपरने विचारले.

"तू त्यावर लोळला नाहीस तर येईल."

मित्रांनो, माझी अवस्था विचारू नका. माझे घर पाडायचे ठरत होते आणि मला आनंद आवरत नव्हता! मतदान तिथेच झाले. गवत ठेवायचे, गॅलरी शेडच्या बाजूला बांधायची, कोण कोण तयार? सगळ्यांचे हात वर गेले, आणि बूट हातातच असल्याने हातांबरोबर बूटही वर गेले. सर्वांत उंच डॉक्टरांचे. गोलकीपरने दोन्ही हात वर केले. त्याला सांगावे लागले की बाबा रे, मत एकच असते.

प्लॅस्टिकचे गवत सरावाच्या मैदानावर तसेच राहिले. त्याला नावे ठेवायचा माझा विचार होता, पण तिथे भर पावसातही मुले दिवसभर खेळतात आणि त्यांचे कपडे कोरडे राहतात. मग नावे कशाला ठेवू? ज्याची त्याची जागा असते.

शेड पाडली. तिचे दगड नव्या गॅलरीच्या पायात गेले. आणि मग एक गंमत झाली. गवत राहणार म्हटल्यावर ते नीट राखायला हवे, म्हणून क्लबने बसून चालवायचे नवेकोरे यंत्र आणले. विजेवर चालणारे. आवाज म्हणाल तर मांजराच्या घोरण्याइतका. म्हणजे बघा, ज्या गवतासाठी मी जीव टांगणीला लावून बसलो होतो ते राहिले आणि काम माझेच गेले! पहिले काही दिवस मी रुसून बसलो. पण ते नवे यंत्र गोलच्या जाळ्याजवळ वळत नाही. तिथे आत्या मलाच नेते. गोलकीपरच्या समोर, जिथे वर्षानुवर्षे चिखल होता, तिथे आता बोटभर उंचीचे कोवळे गवत आले आहे, आणि ते कापायचा मान माझा. काम थोडे आहे, पण ते सगळ्यांत नाजूक आहे. या वयात मला आणखी काय हवे?

गेल्या रविवारी नवी गॅलरी पहिल्यांदा भरली. छपरावर, भिंतीवर कुणी नाही. बेकरीवाला स्वतः सामना पाहायला आला होता. शिट्टी वाजली, जुने लोक नाड्या सोडून उतरले. नव्या गॅलरीतली नवी माणसे आधी बघत राहिली. मग तिथली एक बाई उठली, पायऱ्या उतरून आली आणि डॉक्टरांना तिने विचारले, "काय करायचं असतं?"

"खपली सरळ करा, भोकात ठेवा आणि टाचेनं दाबा," डॉक्टर म्हणाले. "पण आधी चपला काढा. चपलेला कळत नाही."

सासूबाईंनी ते ऐकले आणि जावयाच्या पाठीवरून हात फिरवला.

मित्रांनो, एवढेच माझे आयुष्य. यंत्रांना तेल द्या, पाती पुसून ठेवा, हे तर मी सांगणारच, माझा तो हक्क आहे. पण खरे मागणे वेगळे आहे. सामना संपला की लगेच दाराकडे पळू नका. खाली उतरा, बूट काढा, उखडलेली एखादी खपली शोधा. तुमची टाच जिथे टेकेल, त्याच जागेवरून पुढच्या रविवारी कुणीतरी गोल मारणार आहे.